वखारीच्या दारातली झडती

निपाणीत आमच्या तंबाखूच्या वखारीत एक दिवाणजी होते. साधी वेळ सांगायची तरी सभेत उभं राहिल्यासारखे घसा खाकरून बोलायचे.

विजापूरकडून पोटासाठी आलेल्या बायका तंबाखू चोरतात, असा मालकांचा वहीम. मालक नगरपालिकेतले, त्यांना कोण बोलणार? संध्याकाळी दारात फक्त त्याच बायकांना पदर झटकावा लागे.

एकदा मालकांसमोरच दिवाणजी खाकरले. "अण्णा, झडती समद्यांचीच हुईल. पयलं तुमचं उपरणं झटका."

मी तिथला तोलार. हातातलं वजन तसंच धरून मनात म्हटलं, यांची नोकरी आज संपली!

मालकांनी रागानं उपरणं झटकलं. तंबाखूची भुकटी अशी उडाली की सगळे शिंकत सुटले.

दिवाणजींनी नाक पुसलं. "आता कुणाला धरू, अण्णा?"

बायका पदर न झटकताच बाहेर पडल्या.