बापाने पाहिलेली शर्यत

शर्यतीला उभं राहण्याआधी तो धोतराचा काचा खोचायचा, मांडीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "पाहू ना बाप्पा, काय होते तं!" आणि मग पठ्ठ्या असा सुटायचा की बोलायची सोय नाही.

अमरावतीच्या कॉलेजात तो अन् मी एका खोलीत राहत होतो. त्याच्या घरचा अकोल्याजवळ भाजीचा मळा. पहिल्याच शर्यतीत सगळ्यांना मागे टाकून गडी शेवटच्या दोरीपाशी आला आणि चक्क थांबला! मागचे दोघे दोरी तोडून पुढे. आम्ही कपाळाला हात लावला.

"अबे, थांबला काहून?"

"दोरी तुटली असती ना!"

आता हसू नका. वाफ्यात रोपं लावताना त्याचा बाप दोरी ताणायचा. पोराच्या पायाने ती तुटली की ओळ वाकडी अन् पोराची पाठ लाल. लहानपणची धास्ती ती, शर्यत सोडणाऱ्या साहेबाच्या पिस्तुलाने थोडीच जाणार? पुढे मात्र त्याला दोरी तोडायची चटकच लागली. शर्यतीला आलेली नागपूरची पोरं त्याला पाहून तोंड वाकडं करायची.

बापाने यातलं काहीच पाहिलं नाही. "मांगं कुत्रं नाई, समोर ससा नाई, कायले पयतं बे?" हा त्याचा सवाल. जिंकलेला कप दाखवला तर म्हणाला, "याच्यात काय लावू, सांबार?" कोथिंबिरीचा हा किस्सा गडी हसून सांगायचा, पण त्याला ते लागलेलं असायचं.

मग बाप आजारी पडला, कॉलेज सुटलं, गडी मळ्यात गुंतला. मी अकोल्यात मास्तर झालो. बरीच वर्षं गेली. एका बाजाराच्या दिवशी वांगी तोलता तोलता तो म्हणाला, "यंदा अकोल्याच्या खुल्या शर्यतीत उतरतो. बाप थकला. एकडाव तरी त्यानं पाहावं."

"लेका, स्वतःचं पोट पाहिलं का?"

"पाहू ना बाप्पा!"

म्हाताऱ्याला बैलगाडीत गादी घालून अकोल्याच्या मैदानावर आणलं. सगळी कॉलेजची कोवळी पोरं, अन् मधे हा लेकुरवाळा. अर्ध्यापर्यंत पुढे होता हो! मग दम संपला. तिसरा आला. धापा टाकत, मान खाली घालून तो गाडीपाशी गेला.

"बाबा, दोघं पुढं गेले."

"कोन दोघं बे? मी तं तुलेच पाहून राह्यलो होतो."

गाडीचं चाक धरून गडी ढसाढसा रडला. म्हातारा आपल्या उपरण्याने त्याचा घाम पुसत राहिला.