कार्डावरची आई

माझ्या सासूबाईंना मी अक्का म्हणते. सगळी गल्ली अक्का म्हणते, आणि त्यांचा पोटचा मुलगा खंडोजी, म्हणजे माझे यजमान, तेही अक्काच म्हणतात. कानडीत अक्का म्हणजे थोरली बहीण. मथुराबाई पंधराव्या वर्षी लग्न होऊन इकडं कानडी मुलखात, के. आर. पुरमला आल्या, तेव्हा धाकटे दीर त्यांना अक्का म्हणू लागले. पुढं मूल झालं, ते बोलायला लागलं आणि त्यानंही तेच उचललं. घरात 'आई' एकच होती, ह्यांची आजी गंगव्वा. थोरल्यांसमोर आपलं मूल मांडीवर घ्यायची तेव्हा पद्धत नव्हती. रांधायचं अक्कांनी, भरवायचं गंगव्वांनी.

सासरे जयसिंगराव लवकर गेले. त्यानंतर अक्का घरी बसून उदबत्त्या वळायच्या. पाटावर काळा लगदा, त्यात काडी फिरवायची, पसरायची, परत फिरवायची. हात कितीही धुतले तरी तळव्याच्या रेघा काळ्याच. दर मंगळवारी पहिली उदबत्ती भवानीपुढं लावत आणि मग कामाला बसत. मी त्यांना मोठ्यानं काही मागताना कधी ऐकलं नाही, देवीकडंसुद्धा.

सत्त्याण्णव साली त्यांच्या अंगावरून फार जाऊ लागलं. या वयात व्हायचंच म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पाटावरून उठताना भिंत धरायला लागल्या तेव्हा मी विचारलं, तर म्हणाल्या, "पाय मरगळलेत." कपडे धुताना मला कळलं. मी त्यांना सरकारी इस्पितळात नेलं. डॉक्टरीण म्हणाली, गर्भपिशवीत गाठ आहे, पिशवी काढायला हवी, आणि रक्त आणखी कमी झालं तर भूलही देता येणार नाही.

तेव्हा सरकारी दवाखान्यांची सुधारणा चालली होती. भिंती नव्यानं रंगवलेल्या, आणि त्याच भिंतीवर फोटोचे, तपासणीचे, खाटेचे दर लिहिलेले. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "मुलगा कुठं कामाला?"

"व्हाइटफील्डच्या बाजूला, स्विचच्या कारखान्यात."

"मग विम्याचं कार्ड असेल. तुमच्यासाठी वेगळं इस्पितळ आहे की. इथं गर्दी करू नका."

म्हणून आम्ही तिघं कामगार विम्याच्या दवाखान्यात गेलो. ह्यांनी त्यासाठी रजा घेतली. खिडकीत देवाप्पा नावाचे कारकून होते, कामाला चोख आणि तोंडाळ.

"यारु? कोण आजारी?"

"अक्का," हे म्हणाले. तोंडात बसलेलं, तेच आलं.

"बहिणीला विमा नाही. बायको, मुलं, आईवडील. पुढचे कोण?"

"बहीण नव्हे अण्णा. आई आहे."

देवाप्पांनी कार्ड उलटंसुलटं केलं. "तुमची आई वारली. दोन वर्षांमागं तुम्हीच येऊन सांगून गेलात. ही बघा, गंगव्वा."

"ती आजी."

"आजी ती आई, आई ती अक्का. सरी, ठीक! मग ह्या बाई कोण, मावशी?" त्यांनी माझ्याकडं बोट केलं. मागची रांग हसली. "दोन आया असायला तुम्ही काय कृष्ण आहात?"

झालं होतं ते असं. एकोणिसाव्या वर्षी हे कारखान्यात लागले. हजेरीबाबूनं कानडीत विचारलं, आईचं नाव काय? घरात जिला आई म्हणत तिचं नाव ह्यांनी सांगितलं. त्यात ना खोटं, ना लबाडी. पुढं गंगव्वांना साखर निघाली तेव्हा चार वर्षं त्यांची औषधं याच खिडकीतून आणली, आणि त्या गेल्या तेव्हा नाव काढायलाही हेच आले. अक्कांचं नाव घालायचं कुणाच्या मनातच आलं नाही. अक्का कधी आजारीच पडल्या नव्हत्या.

देवाप्पांनी रांग जरा मागं सरकवली आणि आवाज खाली घेतला. "खंडोजी, स्वल्प विचार करून बोला. गंगव्वा तुमची आई नव्हती म्हणालात, तर तिची औषधं कुणाच्या हक्कानं गेली? आजीला विमा लागत नाही. वर कुणी फसवणूक म्हटलं तर नोकरीवर येईल. मी काही ऐकलं नाही. घरी जा, बोला, मग या."

घरी येऊन हे गाडीची साखळी पुसत बसले, पुसलेलीच परत पुसत. शेवटी म्हणाले, "उद्या जातो, सांगतो खरं काय ते."

"जायचं नाही," अक्का म्हणाल्या. "आईंनी तुला वाढवलं. आता त्या नाहीत, आणि त्या खोट्या म्हणून सही करणार तू?"

"मग तू काय करणार? अशीच झिजत राहणार?"

"भवानी बघेल."

मी शुक्रवार करणारी बाई, देवाचं नाव मीही घेते. पण मला राहवलं नाही. "भवानी बघतेच आहे, अक्का. पण पिशवी डॉक्टरच काढणार."

अक्कांनी माझ्याकडं पाहिलं, आणि पाटावरचा लगदा ओल्या फडक्यानं झाकून ठेवला. ह्यांचा हात साखळीवरच थांबला होता. "मी गेले तर हा काय समजेल?" त्या मला म्हणाल्या, ह्यांना नाही. "की कार्डासाठी आपण अक्काला जाऊ दिलं. हे ओझं त्याच्यावर नको. पण सांगायचं ते मीच सांगणार."

दुसऱ्या दिवशी देवाप्पांनी आम्हाला सरळ आत पाठवलं, दवाखान्याचे मुख्य डॉक्टर शेषगिरी यांच्याकडं. खुर्ची पुढं केली तरी अक्का बसल्या नाहीत. कानडीत बोलल्या, हळू, दम घेत घेत.

"जन्म मी दिला. वाढवलं सासूनं. आमच्यात वाढवते तिलाच पोरं आई म्हणतात. पोराला आईचं नाव विचारलं, त्यानं खरं सांगितलं. त्याला चोर म्हणू नका."

"अम्मा, चोर कोण म्हणतंय?" शेषगिरी म्हणाले. "पण विम्याला जन्म देणारी लागते."

"मग ते लिहा."

"लिहितो. पण मागची औषधं हक्क नसताना गेली, तेही लिहावं लागेल. कारखान्याला पत्र जाईल. ते मी गिळू शकत नाही."

अक्कांनी ह्यांचं मनगट धरलं. "राहू दे. चल घरी."

"सोड, अक्का," हे म्हणाले, आणि सही केली.

तेवढ्यानं भागलं नाही. जन्म अक्कांनीच दिला याला साक्ष हवी होती. चुलतसासरे रघुजी इथल्या शिवाजीनगरला येऊन नोटरीसमोर बसले आणि म्हणाले, "लिहा, हे पोर झालं तेव्हा सुईणीला बोलवायला मीच धावलो होतो." मग कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात राहिला. तोवर अक्का इतक्या उतरल्या की आधी रक्त चढवावं लागलं, मग पिशवी काढली. विम्याच्या इस्पितळात त्यांना वेळेवर पेज मिळाली, स्वच्छ खाट मिळाली, आणि कुणी दरपत्रक दाखवलं नाही. हेही सांगायला हवं. कारखान्यानं ह्यांना लेखी समज दिली, जुन्या औषधांचे पैसे पगारातून वळते केले, आणि बढती दुसऱ्याला गेली. हे त्याबद्दल घरात बोलत नाहीत. कामावरून आले की हातपाय धुऊन तसेच आडवे होतात.

दुरुस्त कार्ड आलं तेव्हा अक्का बिछान्यात होत्या. त्यांना कानडी बोलता येतं, वाचता येत नाही. "वाच," म्हणाल्या.

"तायी, मथुराबाई." तायी म्हणजे कानडीत आई.

"आणि आईंचं?"

गंगव्वा गेल्या तेव्हा त्यांच्या नावावर साधी काट मारली होती. आता शेजारच्या 'तायी'वरही लाल शाईची रेघ होती, कागद फाटेल अशी, आणि वर बारीक अक्षरात 'आजी' लिहिलं होतं. मी ते वाचलं.

अक्कांनी कार्ड हातात घेतलं. त्या रेघेवरून एकदा अंगठा फिरवला.

"एवढी जोरात कशाला ओढली?" म्हणाल्या, आणि कार्ड माझ्याकडं देऊन भिंतीकडं तोंड करून निजल्या.