आरशातला डावा पाय

गावाकडच्या मित्रांनो, आई फोनवर म्हणते, दादाला बाहेरचं लागलंय, गावाला आण, उतरवून घेऊ. म्हणून आजचं सांगतो.

वाघोलीच्या गोडाऊनमध्ये आम्ही दोघं भाऊ कामाला. अपघातानंतर दादाचा डावा पाय गुडघ्याखालून काढला. तरी तो ओरडतो, डावा अंगठा कोणीतरी पिळतंय म्हणून. नसलेला अंगठा!

आज त्याला मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टरनं दोन पायांच्या मधे आरसा उभा केला. कापलेला पाय आरशामागं झाकला गेला. "अहो, आरशात बघत उजवा पाय हलवा."

आरशात डावा पाय हलला. दादाचा चेहरा सैल झाला. "सोडलं त्यानं."

"सिस्टर, भूत आहे का?" मी विचारलं.

"नाही हो. पाय गेलाय, हे मेंदूला अजून पटलेलं नाही."

"मले तरी कुठं पटलं!" दादा हसला. सिस्टरनं आरसा उचलला, तसा त्यानं तो धरला. "राहू द्या न थोडा वेळ."

येताना आरसा विकत घेतला. आता दादा शांत झोपलाय. मी त्याच्या खाटेवर पायथ्याशी टेकलो, तर बघतो, डाव्या पायापुरती जागा सोडूनच बसलोय.

आईला कोणत्या तोंडानं सांगू, तिथं काही नाही म्हणून?