आकडीतली कोयती

प्रशिक्षणातलं जेवण उत्तम होतं, हे आधी सांगून टाकते. व्यासपीठावर पाच खुर्च्या, पाच पुष्पगुच्छ आणि मागच्या पडद्यावर मोठी अक्षरं: ‘आघाताचं भान ठेवून तरुण रुग्णांमधला हिंसेचा धोका ओळखणे’. सत्कार संपेपर्यंत अर्धा दिवस गेला. निघताना प्रत्येकाच्या हातात एक फॉर्म पडला. वीस प्रश्न, हो-नाहीचे चौकोन, तळाशी बेरीज. ती ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की लाल शेरा. मला फॉर्म आवडला, हे कबूल करायला हवं. समुपदेशक म्हणून माणसांबद्दल वर्षानुवर्षं अंदाज बांधून मी थकले होते.

जोयड्याच्या रानभागातल्या आमच्या आरोग्य केंद्रात महिन्यातून एकदा मानसोपचाराचे डॉक्टर येतात. त्यांच्यापुढे जाण्याआधी मुलांचे फॉर्म मी भरते. त्या दिवशी एका वसतिगृहाच्या वॉर्डनबाईंनी सोळा वर्षांची मुलगी पाठवली होती, कुंभारवाडा गावाकडची. मैत्रिणीने गंमत म्हणून मागून येऊन तिचे डोळे झाकले. हिने तिला असं ढकललं, की भिंतीवर आपटून त्या पोरीच्या कपाळाला दोन टाके पडले. चिठ्ठीत लिहिलं होतं: ‘तुमचा अहवाल बघून हिला ठेवायचं की नाही ते ठरवू.’ हिच्या गावाजवळ कॉलेज नाही. वसतिगृह सुटलं की शिक्षण सुटणार.

“घरी कुणी मारायचं?” मी फॉर्ममधलं विचारलं.

“बा मारायचा. चुलीम्होरं बसलं की मागनं यायचा.”

मी ‘घरात हिंसा’समोर ‘हो’वर खूण केली. एक गुण. तिने खाल्लेला मार तिच्याच धोक्यात जमा झाला, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

“बाहेर पडताना धारदार हत्यार जवळ असतं?”

“व्हय. कोयती.”

कशासाठी, हे लिहायला जागा नव्हती. मी खूण केली. शेरा लाल आला. लाल अहवाल त्याच दिवशी कळवायचा अशी सूचना होती, म्हणून मी फोटो काढून वॉर्डनबाईंना पाठवून दिला. इतकी तत्पर मी एरवी नसते.

तेवढ्यात तिच्याबरोबर आलेली मावशी दारात उभी राहिली. “झालं काय वो अक्का? बस जाईल की.”

बस आली का ते बघायला ती वळली. कमरेला मागे दोरीने बांधलेली लाकडी आकडी, आकडीत अडकवलेली कोयती. तिच्यापलीकडे व्हरांड्यात बसलेल्या दोघा म्हाताऱ्यांच्या कमरेलाही तेच. आमचा शिपाई रोज सकाळी रानवाटेने येतो आणि आपली कोयती दारामागच्या खिळ्याला अडकवतो. शेजारच्या खिळ्याला आठ वर्षं माझी छत्री असते.

“मावशी, ही कोयती कशाला?” मी तरीही विचारलं.

तिने माझ्याकडे रुग्णाकडे बघावं तसं पाहिलं. “रानातनं येताना काय पेन घिऊन यायचं?”

आत मुलगी हसली. सकाळपासून पहिल्यांदा.

“आणि वसतिगृहात कुठं ठेवतेस?” मी तिला विचारलं.

“घरी ऱ्हाते ती. हॉस्टेलात काय तोडू?”

वॉर्डनबाई फोन उचलेनात. आम्ही तिघी जीपने वसतिगृहावर गेलो. मुलीची ट्रंक व्हरांड्यात आलेली होती.

“मॅडम, अहवाल तुमच्याच सहीचा हाय की,” वॉर्डनबाई म्हणाल्या. बाई वाईट नव्हत्या. चाळीस पोरींच्या आईबापांना त्यांना उत्तर द्यायचं होतं.

मुलीला विचारून, तिच्यासमोरच, मी सांगितलं. कोयतीचं, आणि चुलीपुढे मागून येणाऱ्या बापाचंही. हिला मागून कुणी धरू नका, समोरून हाक मारा, खाट भिंतीला लावा.

“मग हे लाल काय?”

“माझी चूक.”

“तसं लिहून द्या.”

मी लिहून सही केली. बाईंनी कागद दोनदा वाचला आणि ट्रंक आत न्या म्हणून हात केला. एका बाजूची कडी मुलीने धरली, दुसरी कपाळावर पट्टी असलेल्या मैत्रिणीने.

“आता तोंडावर येऊन वरडीन गं,” मैत्रीण म्हणाली. “मग तरी ढकलू नगंस.”

पुढच्या महिन्यात फेरतपासणी. तोच फॉर्म. मी कोयतीचा प्रश्न बदलून विचारणार होते, पण ती पहिल्या प्रश्नापासूनच न्हाई म्हणत सुटली.

“घरी कुणी मारायचं?”

“न्हाई.”

“मागच्या वेळी तू—”

“न्हाई, अक्का.”

बेरीज शून्य. डॉक्टर म्हणाले, “छान सुधारणा आहे.” मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या रुग्णाला बोलावलं.

सुट्टी लागली होती. तिला घरी न्यायला मावशी बाहेर थांबली होती, दोन कोयत्या घेऊन. मुलीने आपली आकडी कमरेला बांधली, कोयती आत सरकवली. मी खिडकीत उभी आहे हे तिला दिसलं. तिने ओढणी मागे ओढून कोयती झाकली आणि बसकडे चालू लागली.