हौबाबूचे भेदरलेले बैल

हौबाबूला 'नाही' म्हणता येत नव्हतं. खोली पाहायला आला तेव्हाच मला ते कळलं. मी म्हटलं, "खोली वर हाये, खाली माझं सुतारकीचं दुकान. दिवसभर ठोकठाक चालते." तो म्हणाला, "हौ." म्हटलं, "पावसाळ्यात एका कोपऱ्यात गळते." "हौ." "उन्हाळ्यात पत्रा तापते." "हौ." मग मी गंमत म्हणून म्हटलं, "जिन्यावर भूत हाये. दर अमावस्येले येऊन बसते." पोरगा थबकला, एकदा जिन्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "हौ, आबाजी. चालन." आतून माझी बुढी, म्हणजे बायको, हसत बाहेर आली. "ठेवून घ्या हो या हौबाबूले. भुतालेबी हौ म्हणणारा पोट्टा पुन्हा भेटणार नाही." तेव्हापासून तो हौबाबू. खरं नाव मी लिहीत नाही. आता तो मोठा झाला आहे, त्याला आवडायचं नाही.

मी त्याच्या अगदी उलट. चौथीत शाळा सुटली, बापानं हातात रंधा दिला, तेव्हापासून मी 'नाही' म्हणत आलो आहे. गिऱ्हाईक म्हणतं, दाराला हलकं लाकूड लावा. नाही. लग्न तोंडावर आहे, पलंग दोन दिवसांत द्या. नाही. पोरगा नागपूरहून म्हणतो, बाबा, दुकान बंद करून इकडं या. नाही. बालाघाटातल्या कितीतरी जुन्या घरांची दारं माझ्या हातची आहेत आणि एकही दार कुरकुरत नाही. कुरकुरलंच तर तो दोष बिजागरीचा. बुढी म्हणते, "देवानं तुमच्या तोंडात हौ टाकलाच नाही. तुमच्या वाटणीचे सगळे हौ या पोट्ट्याले देऊन टाकले."

त्याचं गाव परसवाड्याच्या पलीकडं. घरी धानाची शेती. इथं कॉलेजात बीएस्सीला होता. का, तर बापानं विचारलं होतं, "सायन्स घेतं का?" आणि यानं सवयीप्रमाणं उत्तर दिलं होतं.

त्याची दुसरी सवय फोनची. फोन त्याच्या खिशात कधी नसायचा. स्वयंपाकाच्या कोपऱ्यात तांदळाचा डबा होता, त्यात तो फोन खुपसून ठेवायचा आणि वरून झाकण लावायचा. फोन आला की डबा गुरगुरायचा. एकदा मी गळका पत्रा पाहायला वर गेलो होतो, तेव्हा डब्याचं झाकण उघडं होतं. आत फोन थरथरत होता आणि त्याच्यावरचे तांदूळ तव्यावरच्या लाह्यांसारखे उडत होते. हौबाबू भिंतीला पाठ लावून बसला होता आणि डब्याकडं असा पाहत होता, जसा त्यात नाग आहे.

"उचल ना बे," मी म्हटलं.

"घरून असन, आबाजी. विचारतीन."

"काय विचारतीन?"

"समोर काय करशीन म्हून."

"मंग सांग ना काय करशीन ते."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याचे डोळे मोठेच होते, तेव्हा अजून मोठे झाले. "सांगतो ना, आबाजी. सगळ्याइले सांगतो. तेच तं भेव हाये."

मग हळूहळू मला उलगडा झाला. बापाला वाटत होतं, पोरगा पटवारी, म्हणजे गावचा तलाठी, होणार. बापानं विचारलं, यानं हौ म्हटलं. मामा लामत्याला मास्तर. त्यांना वाटत होतं, भाचा बीएड करून मास्तर होणार. त्यांनाही हौ. आणि एक वर्गमित्र होता, त्याला पोलिसात जायचं होतं, पळायला जोडीदार पाहिजे होता. त्यालाही हौ! म्हणून हा सकाळी वैनगंगेच्या पुलाकडं पळायला जायचा, दुपारी पटवाऱ्याचं जाडं पुस्तक उघडायचा आणि संध्याकाळी मामानं पाठवलेलं पातळ पुस्तक. बीएस्सीची पुस्तकं पलंगाखाली. माणूस दोन डगरींवर पाय ठेवतो असं म्हणतात. याच्या डगरी तीन होत्या, आणि पाय दोनच, तेही पळून पळून सुजलेले.

"एकाले तरी नाही म्हणून टाक," मी सांगितलं.

"भेव लागते."

"कायचं भेव? बाप मारते काय?"

"मारत नाही ना, आबाजी. मारलं असतं तं बरं झालं असतं. ते फक्त पाहत राह्यतेत."

खरं सांगतो, सुरुवातीला मला याचं हसू यायचं. मला कोणी कधी विचारलंच नव्हतं की तू काय होशील. रंधा हातात आला आणि मी सुतार झालो. ज्याला कोणी विचारत नाही त्याला भेव कशाचं? मला वाटायचं, आजकालच्या पोरांचे हे लाड आहेत. खायला आहे, शिकायला आहे, वर आणखी काय पाहिजे?

एका दुपारी मात्र माझं हसू गेलं. तो कॉलेजातून आला, वर न जाता दुकानातच भुशाच्या ढिगाजवळ बसला. मी चौकटीला खाच पाडत होतो. मग म्हणाला, "आबाजी, एक विचारू? सगळ्याइले काही ना काही बनावं वाटते. आमच्या वर्गात कोणाले डॉक्टर, कोणाले बँकेत. मी माह्या आत पाह्यतो तं काहीच दिसत नाही. पटवारी नाही, मास्तर नाही, पोलीस नाही. काहीच नाही. असं असते का कोणाले? का मी एकटाच रिकामा हाओ?"

त्याचा आवाज इतका बारीक होता की माझी पटाशी हातातच राहिली. त्याचे ओठ कोरडे पडले होते आणि भुशात बोटं खुपसून तो बसला होता, जसं काहीतरी धरून ठेवायचं आहे. मी उठलो, जवळ गेलो आणि त्याच्या पाठीवर बोटांच्या सांध्यांनी ठोकून पाहिलं, लाकूड ठोकून पाहतात तसं.

"काय करून राह्यले, आबाजी?"

"पाहून राह्यलो. रिकामा नाही तू. पोकळ लाकूड वेगळं वाजते."

तो हसला, पण डोळे हसले नाहीत. त्या दिवसापासून मलाही त्याच्या काळजीनं भेव वाटायला लागलं. कॉलेजातून यायला थोडा उशीर झाला तर मी ठोकायचं थांबवून रस्त्याकडं पाहायचो. बुढी वर ताट घेऊन जायची आणि तो जेवेपर्यंत जिन्यावर बसून राहायची. मी म्हटलं, "आता तूच तिथलं भूत झाली." ती म्हणाली, "भूत तं भूत. पोट्टा जेवला पाह्यजे."

मग पोळा जवळ आला. आमच्याकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लहान लेकरं चाकांचे लाकडी बैल सजवून ओढत नेतात. दरवर्षी उरलेल्या लाकडांचे बैल मी बनवतो. हौबाबूला पुस्तकापुढं बसवत नव्हतं, म्हणून मी त्याच्या हातात ब्रश दिला. "डोळे काढ," म्हटलं. "बाकी मी करतो."

त्यानं डोळे काढले. पाहतो तर काय, सगळे बैल भेदरलेले! पांढरा डोळा भला मोठा आणि मधोमध बुबुळ एवढंसं. वाघ समोर उभा राहिल्यासारखे माझे बैल ओळीनं माझ्याकडं पाहत होते. मी भडकलो. "बैल हायेत का हरणं? बैलानं कसं पाह्यलं पाह्यजे? मालकासारखं!" त्यानं "हौ" म्हटलं, पुसून पुन्हा काढले. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेस तेच. बुढी आली, तिनं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "हे बैल नाही हो. हे परीक्षेले बसलेले पोट्टे हायेत."

मी ते मागच्या फळीवर ठेवले आणि माझे, मालकासारखे पाहणारे, पुढं. शेजारची एक छोटी पोरगी आजोबांसोबत आली. तिनं पुढच्या बैलांकडं ढुंकूनही पाहिलं नाही. मागच्या फळीकडं बोट दाखवून म्हणाली, "मले तो पाह्यजे. त्याले भेव लागून राह्यलं. मी त्याले घरी नेतो." मग दुसरं लेकरू आलं, तिसरं आलं. माझे बैल तसेच राहिले आणि भेदरलेले सगळे गेले. एकच उरला, त्याचा कान तुटला होता म्हणून. हौबाबू दारामागं उभा राहून पाहत होता. "आबाजी," तो म्हणाला, "नेले त्याइनं. तसेच नेले."

तेव्हा माझ्या डोक्यात एक गोष्ट बसली, आणि माझ्या डोक्यात बसलेली गोष्ट उठत नाही. माझा पोरगा तर दुकानात येणार नाही. हौबाबूला कुठं जायचं ते माहीत नाही. मग झालं की! हाच माझं दुकान सांभाळील. त्याचं भेवही जाईल आणि माझं दुकानही राहील. मी कोणाला बोललो नाही. बोलायचं काय त्यात? तो हौच म्हणणार होता.

शेवटच्या वर्षाचा निकाल लागला, पास झाला. आणि एका सकाळी त्याचे बाबा बसनं आले, आणि लामत्याहून मामाही आले. दोघांनाही माहीत नव्हतं की दुसरा येणार आहे. मी दोघांना दुकानातच नव्या पलंगावर बसवलं. बुढीनं चहा केला.

बाबा म्हणाले, "चाल, सामान बांध. पटवारीचा क्लास लावाचा हाये."

मामा हसले. "भाऊजी, पटवारी कुठचा? त्यानं मले बीएडसाठी हौ म्हटलं."

"मले तं तीन सालापासून हौ म्हणून राह्यला."

"मलेबी."

मग दोघंही त्याच्याकडं पाहू लागले. हौबाबू जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा होता, तांदळाचा डबा छातीशी धरून. 'सामान बांध' ऐकल्याबरोबर सवयीनं तोच पहिला हाती आला असेल. बाबा फक्त पाहत राहिले. हौबाबूनं सांगितलेलं ते पाहणं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मारण्याहून वाईट होतं. डब्यातले तांदूळ वाजत होते. फोन आला नव्हता. त्याचे हातच कापत होते.

मला राहवलं नाही. मी हातोडी खाली ठेवली आणि म्हटलं, "तुमी दोघंबी चहा घ्या. हा कुठंच जात नाही. हा माह्या दुकानात बसन. मी ठरवलं हाये." आणि त्याच्याकडं वळलो. "काय रे, बसतं ना?"

त्यानं तोंड उघडलं. मला त्याच्या तोंडावर तो हौ येताना दिसला. मग तो कुठंतरी अडकला. पोरगा पांढराफटक पडला, त्या बैलांच्या डोळ्यांसारखा, आणि म्हणाला, "नाही, आबाजी."

मामांची बशी तोंडाजवळच राहिली.

"नाही म्हणतो मी," तो पुन्हा म्हणाला, जसं त्याला स्वतःलाच ऐकायचं होतं. मग बापाकडं वळला. "बाबा, पटवारीबी नाही. मामाजी, बीएडबी नाही. मले माहीत नाही मी काय करीन. खरंच माहीत नाही. मले लय भेव लागून राह्यलं. पण मले एक साल द्या. काम करीन, कोणाले मागणार नाही. एक साल फक्त विचारू नका."

बाबांनी किती वेळ पाहिलं देव जाणे. मग मान खाली घातली आणि माझ्या बुढीला म्हणाले, "बाई, पाणी द्या जरा." मामांनी चहाची बशी खाली ठेवली. बस, एवढंच झालं. आभाळ काही पडलं नाही.

मी मात्र फुगलो. तीन वर्षं भुतापासून बापापर्यंत सगळ्यांना हौ, आणि पहिला नकार मला? दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. जबलपूरला एका ओळखीच्याकडं काम पाहायला तो निघाला, तेव्हा बुढीनं मला ढकलत स्टेशनवर पाठवलं. गाडी फलाटावर लागल्यावर मी विचारलंच, "पह्यलं नाही मलेच काहून म्हटलं?"

तो म्हणाला, "तुमी दिवसभर नाही म्हणता, आबाजी. मी वरून ऐकत राह्यलो. नाही म्हटल्यावर काय होते, तर काहीच होत नाही, गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी पुन्हा येते. म्हणून तुमच्यावरच करून पाह्यलं." आणि पाया पडला. मी त्याच्या पाठीवर बोटांनी ठोकलं. गाडीच्या आवाजात काही ऐकू आलं नाही.

ते एक साल कधीच सरलं. तो एका छोट्या कारखान्यात आहे, संध्याकाळी काही शिकतो म्हणतो. पक्कं अजून नाही. फोन करतो, म्हणजे आता तोच फोन करतो. भेव गेलं का विचारलं की म्हणतो, "नाही." आणि हसतो.

इकडं माझे हात कापायला लागले आहेत. पटाशी सरळ चालत नाही. डॉक्टर म्हणाला, धारेचं काम बंद करा. आता नागपूरहून पोरगा रोज विचारतो, "बाबा, समोर काय करणार?" या वयात मला कोणी पहिल्यांदा हे विचारलं. आणि काय सांगू, मलाही भेव लागतं. आत पाहतो तर सुतार दिसतो, आणि सुतार काढून घेतला तर काहीच दिसत नाही. हौबाबू तांदळाचा डबा इथंच विसरून गेला होता. परवा मी माझा फोन त्यात ठेवला. बुढीनं पाहिलं आणि वरून झाकण लावून दिलं.

काल डबा गुरगुरला. पोरगाच होता. "बाबा, मशीन, औजारं विकून टाका. आई आणि तुमी इकडं या. येता ना?" माझ्या तोंडात हौ आला होता. देवाशपथ आला होता, थकलो होतो मी. फळीवर तो एका कानाचा बैल उभा आहे. तो माझ्याकडं पाहत होता.

जन्मभर मी 'नाही' म्हणत आलो, पण ते बिनभेवाचं होतं. त्याला काय मोल? भेव लागलेलं असताना कसं म्हणतात ते मी एकदाच पाहिलं आहे, माझ्याच दुकानात.

"नाही," मी म्हटलं. "एक साल दे मले."

आवाज बारीक निघाला. अगदी हौबाबूसारखा.