बांगड्यांवरचा रुमाल

जाहिरातींना आवाज देण्याचं माझं काम आमच्या कपाटात चालतं. टांगलेल्या साड्यांमध्ये तोंड खुपसून बोललं की आवाज घुमत नाही. तरी कालचं रेकॉर्डिंग परत आलं: मागे काहीतरी किणकिणतंय म्हणे.

आज पंखा, फ्रिज बंद केले आणि पाहिलं, तर सासूबाई मेथी निवडत होत्या. दोन्ही हातांतल्या बांगड्यांवर रुमाल घट्ट गुंडाळलेले.

"काढायच्या नसतात गं," त्या कुजबुजल्या. "पण वाजणार नाहीत. काल तेवढे रुमाल बांधायचे राहिले."

माझ्या आवाजामागची स्वच्छ शांतता इतकी वर्षं मी साड्यांचीच समजत होते. खरं तर ती शांतता घरातलं माणूस असं हातात धरून बसलेलं असतं.

काम आटोपलं. "झालं, आई," मी म्हणाले. त्यांनी रुमाल सोडले आणि शाळा सुटल्यासारख्या बांगड्या किणकिणल्या.