मंगळवारचा शब्बाथ

आज मी पदवीधर आहे तो माझ्या आत्यामुळे. बाबांची ही थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. गास गावातल्या चाळीत आमचं एकच बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू, घर.

बाबा मारायचे. पट्ट्याने, चपलेने, हाताला येईल त्याने. एकदा माझा कान फुटला आणि उशी रक्ताने भिजली. पण शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधी आत्या खोबरेल तेलाचा दिवा लावायची, ज्योतीवरून तळहात फिरवून डोळे झाकायची, आणि बाबांचा उगारलेला हात थांबायचा. शब्बाथला काम नाही, विस्तव पेटवणं-विझवणं नाही, मारहाण नाही. एवढं ते पाळायचे. शेजारची मावशी म्हणायची, "तुमची शनिवारची सुट्टी आमच्या कानांनापण बरी पडते गो!" शनिवारी संध्याकाळी बाबा अंगणात उभे राहून आभाळ बघत. तीन तारे दिसले की शब्बाथ संपला. मग ते आत येत आणि दोन दिवसांचं एकदम देत.

देवावर सगळ्या मनाने प्रेम करावं, असं आमच्या रोजच्या प्रार्थनेत, शेमात, येतं. मला ते असंच जडलं. मी त्या दिवसाची वाट बघायचो, म्हणून ज्याने तो दिवस नेमला त्याचीही.

बारावीची परीक्षा आली. मी कारखान्यात प्रेसवर लागावं, असं बाबांचं म्हणणं. पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, ते पिऊनच आले आणि पुस्तकं मोरीत फेकली. मी उचलायला वाकलो, तर केस धरून माझं डोकं ओट्यावर आपटलं. ओठ फाटला. मग माझा उजवा हात पाट्यावर दाबून धरला आणि वरवंटा उचलला.

"लिही आता! कशाने लिहितोस बघू!"

आत्या ओरडली नाही. तिने काडी ओढली, दिवा लावला, ज्योतीवरून हात फिरवले, डोळे झाकले. ओठ हलत होते.

बाबा थबकले. "ताई, वेड लागलं काय तुला? आज मंगळवार!"

"दिवा लागलाय. आता मार."

"दिवा शुक्रवारी लागतो!"

"मग विझव की. आहे हिंमत?"

ते ज्योतीकडे बघत राहिले. मला वाटलं, सुटलो. तोवर आत्या जवळ आली होती. वरवंटा खाली आला तेव्हा माझ्या हातावर तिचा हात होता. हाड फुटलेलं मी ऐकलं. पाट्यावरून रक्त खाली गळलं. शेजाऱ्यांनी दार तोडून बाबांना अंगणात ओढलं आणि लाथांनी तुडवलं. आत्याच आतून ओरडली, "बस करा रे, मरेल तो!"

दवाखान्यात मी तिला विचारलं, "आत्या, देवाचं नाव खोटं घेतलंस?"

"गाढवा, नुसते ओठ हलवले. नाव घ्यायला तो शुक्रवार होता काय?" ती हसली, आणि वेदनेने ओकली.

दुसऱ्या दिवशी मी पेपर दिला. पुढे आत्या इस्राएलला, तिथे स्थायिक झालेल्या आपल्या मुलाकडे गेली. पदवीचा निकाल लागल्यावर मी तिला हे पत्र पाठवलं:

"आत्यास, शालोम.

बी.कॉम. झालो. माझा हात तू वाचवलास, हे तोंडाने कधी म्हटलं नाही, म्हणून इथे लिहितो. चाळीत पेढे वाटले. मावशीने तुझ्या नावाचा पेढा स्वतःच खाल्ला.

बाबा काल जेवताना चिडले. ताट भिंतीवर फेकलं आणि माझ्या अंगावर आले. मी मनगट धरलं. आता माझ्यात ताकद आहे, आत्या. मोडावंसं वाटलं. मोठ्याने शेमा म्हणत राहिलो आणि धरून राहिलो. शेवटी तेही पुटपुटायला लागले. मग सोडलं, आणि दुसरं ताट वाढलं. याला देवावरचं प्रेम म्हणतात का, मला माहीत नाही. त्या वेळी दुसरं काही हाताशी नव्हतं.

त्यांनी तुझा पत्ता मागितलाय. मी अजून दिलेला नाही. देऊ का, ते कळव."